जुना विंडसर्फिंग बोर्ड दुरुस्त करून पाण्यात उतरवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाच्या तरी गॅरेजात बरीच वर्षं पडून असलेला बोर्ड स्वस्तात किंवा फुकट हाती लागतो. सोबत एक पिवळं पडलेलं शीड, दोन नळ्या आणि गुंता झालेली दोरी असते. विंडसर्फिंगची सुरुवात अनेकांची अशीच होते. पुढचे प्रश्न अशाच नवशिक्यांचे आहेत.

शिकायला जुना बोर्ड चालतो का, की थेट नवा घ्यावा?

चालतो. मात्र 'जुना' या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या जाती येतात. पहिली जात लांब बोर्डांची: साडेतीन मीटरच्या आसपास लांबी, मधोमध वर-खाली होणारा डॅगरबोर्ड (बोर्डातून खाली पाण्यात उतरणारी पाटी), भरपूर तरंगशक्ती. १९८० च्या दशकात असे बोर्ड प्रचंड प्रमाणात बनले आणि आजही सापडतात. १९९६ ते २००४ या काळात तीन ऑलिंपिकमध्ये वापरला गेलेला मिस्ट्रल वन डिझाइन याच घराण्यातला. त्याची लांबी ३.७२ मीटर आणि त्यालाही डॅगरबोर्ड. हे बोर्ड जड असतात, वळायला आळशी असतात, पण हलक्या वाऱ्यात चालतात आणि डॅगरबोर्डामुळे वारा येतो त्या दिशेनं वर चढून परत किनाऱ्याला येता येतं. नवशिक्याला नेमकं हेच हवं असतं.

दुसरी जात १९८० च्या दशकाअखेरीपासून आलेल्या आखूड, अरुंद बोर्डांची. दिसायला देखणे, रंग भडक, जागोजागी पायाचे पट्टे. यांतले बरेच बोर्ड माणूस उभा राहिला की बुडू लागतात आणि वेग आला तरच वर येतात. ते जोरदार वाऱ्यात खेळणाऱ्या सराईतांसाठी आहेत. कितीही स्वस्त मिळाला तरी शिकण्यासाठी असा बोर्ड घेऊ नका. दुरुस्तीची सगळी मेहनत फुकट जाते.

माझ्या वजनाला किती लिटरचा बोर्ड लागेल?

एक लिटर आकारमान साधारण एक किलो वजन तोलतं. तुमचं वजन ७० किलो, बोर्ड १५ किलो, शिडासकट मास्ट (शिडाचा उभा खांब) आणि बूम (हातात धरायचा आडवा दांडा) यांचे ९-१० किलो धरले तर नुसतं पाण्यावर राहायलाच ९५ लिटर हवेत. तोल शिकायचा तर त्यावर आणखी ७०-८० लिटर हाताशी असावेत. म्हणजे किमान १६५ ते १७५ लिटर. जुन्या लांब बोर्डांत एवढं आकारमान सहसा असतं. आकडा बहुधा मागच्या टोकाजवळ छापलेला असतो. तो पुसला गेला असेल तर लांबी-रुंदी-जाडी मोजून अंदाज येतो. रुंदी जितकी जास्त, तितकं उभं राहणं सोपं.

विकत घेण्याआधी काय तपासायचं?

वजनकाटा घेऊन जा. स्नानगृहातला साधा काटा पुरतो: आधी स्वतः उभे राहा, मग बोर्ड घेऊन उभे राहा, आणि वजाबाकी करा. त्या मॉडेलचं मूळ वजन माहीत असेल तर दोन-तीन किलोंचा फरक म्हणजे आत पाणी आहे. मूळ वजन माहीत नसेल तर बोर्ड उभा-आडवा करून कान लावा. खुळखुळ ऐकू आली तर प्रश्नच मिटला.

मग अंगठ्यानं डेक म्हणजे बोर्डाचा वरचा पृष्ठभाग दाबत जा, विशेषतः जिथे पाय ठेवून उभं राहतात ती जागा आणि मास्ट ट्रॅकच्या (ज्या खाचेत मास्टचा पाया बसतो तिच्या) दोन्ही बाजू. अंगठा आत जात असेल तर वरचं आवरण आतल्या फोमपासून सुटलंय. एखाद्या नाण्यानं टकटक करत गेलात तर चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. मास्ट ट्रॅकच्या कडा, डॅगरबोर्डाची खाच, फिनचा (मागच्या टोकाखालच्या पात्याचा) खोका, पायाच्या पट्ट्यांची भोकं आणि पुढचं टोक या जागा निरखून पाहा. पडलेला मास्ट पुढच्या टोकावरच आदळतो, त्यामुळे तिथे जुनी दुरुस्ती हमखास सापडते. जुनी दुरुस्ती म्हणजे वाईट असं नाही. नीट घासून, भरून, रंगवलेली असेल तर आधीचा मालक काळजी घेणारा होता एवढंच समजायचं.

ओरखडे, उडालेला रंग, उन्हानं फिका पडलेला पृष्ठभाग यांकडे दुर्लक्ष करा. भाव पाडायला मात्र त्यांचा उपयोग होतो.

बोर्ड कशाचा बनलाय हे कसं ओळखायचं? आणि त्यानं काय फरक पडतो?

सगळा फरक पडतो. चुकीचा पदार्थ वापरला तर दुरुस्ती एकतर चिकटत नाही किंवा बोर्डच खाऊन टाकते.

जुन्या बोर्डांचे ढोबळ तीन प्रकार. पहिला पॉलिथिलिनचा: जाड, किंचित मेणचट लागणारं प्लॅस्टिक, आत बहुधा पॉलियुरेथेन फोम. दगडावर आपटला तरी फारसं बिघडत नाही, पण उचलताना कंबर आठवते. दुसरा एबीएस किंवा एएसए नावाच्या कडक, चकचकीत प्लॅस्टिकचं आवरण असलेला. तिसरा फायबरग्लास आणि रेझिनचा. त्यातले नंतरच्या काळातले हलके बोर्ड इपॉक्सी सँडविच पद्धतीचे, म्हणजे आत पांढरा थर्माकोलसारखा पॉलिस्टायरिन फोम आणि वर इपॉक्सीत भिजवलेल्या कापडाचे थर.

ओळखायची सोपी युक्ती: न दिसणाऱ्या जागी ब्लेडनं बारीकशी साल काढा आणि गोड्या पाण्यात टाका. तरंगली तर पॉलिथिलिन, बुडाली तर एबीएस-एएसए. साल निघण्याऐवजी पांढरी कोरडी भुकटी पडली तर फायबरग्लास. ॲसिटोनचा बोळा फिरवूनही कळतं. एबीएस चिकट होतं, पॉलिथिलिनला काहीच होत नाही. याच कारणानं एबीएसचा बोर्ड ॲसिटोननं पुसायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पॉलिएस्टर रेझिन पॉलिस्टायरिन फोमला विरघळवतं. बोर्डाच्या आत पांढरे मणी दिसत असतील तर पॉलिएस्टर रेझिन आणि मोटारीच्या डेंटिंगला वापरतात ती पुटी, दोन्ही लांब ठेवा. इपॉक्सी मात्र या फोमवरही चालतं आणि पॉलियुरेथेनवरही. शंका असेल तिथे इपॉक्सीच वापरा.

बोर्डात पाणी आहे. तो वाचेल का?

बहुतेक वेळा वाचतो, पण घाई केली तर नाही. पाणी आत ठेवून वरून भोक बुजवणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. ओला फोम हळूहळू सुटत जातो, ऊन लागलं की आतली वाफ आवरण उचलते आणि नवं ठिगळ मुळापासून निघतं.

आधी हवेचा स्क्रू काढा (तो काय, ते पुढे सांगितलंय) आणि ते भोक खाली येईल असा बोर्ड टेकवून ठेवा. फुटलेली जागा असेल तर तिथला सैल भाग कापून टाका. फोम उघडा पडू दे, पाण्याला वाट मिळू दे. मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी बोर्ड ठेवून द्या आणि आठवड्याला एकदा वजन करून भिंतीवर लिहून ठेवा. सुरुवातीला वजन भराभर उतरतं, मग रेंगाळतं. लागोपाठ दोन-तीन वेळा आकडा हलला नाही की बोर्ड वाळला. याला कित्येक आठवडे लागू शकतात. तोवर शिडाकडे बघा, तिथे काम भरपूर आहे.

घाई करायचीच असेल तर दुसऱ्या टोकाला एक छोटं भोक पाडून एका बाजूनं मंद, कोमट हवा सोडता येते. हीट गन वापरू नका. पॉलिस्टायरिन उष्णतेनं आक्रसतं आणि आत पोकळी तयार होते. हाताला सहज सोसवेल त्यापेक्षा गरम काहीही नको. काळ्या किंवा गडद बोर्डाला कडक उन्हात टाकणं हेही हीट गनचंच मोठं भावंड.

पाणी नेमकं कुठून शिरतंय?

डोळ्यांना दिसणारा मोठा तडा हाच गुन्हेगार असेल असं नाही. बोर्ड उन्हात तापतो, आतली हवा फुगते, थोडी बाहेर जाते. मग तो थंड पाण्यात उतरतो, आतली हवा आकसते आणि केसाएवढ्या चिरेतूनही पाणी ओढून घेते. म्हणून चिमुकल्या गळतीनंही वर्षभरात किलो-किलो पाणी जमतं.

शोधायची रीत: हवेच्या स्क्रूच्या जागी नळी धरून तोंडानं हलकी फुंक मारा आणि दुसऱ्या माणसाला संशयित जागी साबणाचं पाणी लावायला सांगा. बुडबुडे आले की पेन्सिलीनं खूण करा. तोंडाची फुंक पुरेशी असते. पंप किंवा कॉम्प्रेसर जोडलात तर चांगली राहिलेली जोडणीही उसवते. आमच्या ओळखीत एकानं टायरचा पंप लावून बोर्डाचा डेकच वर उचलला होता.

बहुतेक वेळा बुडबुडे येतात ते मास्ट ट्रॅकच्या कडेनं, फिनच्या खोक्याच्या कोपऱ्यातून आणि पायाच्या पट्ट्यांच्या स्क्रूच्या भोकांतून.

फायबरग्लासच्या बोर्डावरचा तडा किंवा खड्डा कसा भरायचा?

सामान फार नाही: इपॉक्सी रेझिन आणि त्याचा हार्डनर, साधारण २०० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचं काचेचं कापड, घट्टपणा आणायला मायक्रोबलून किंवा सिलिकाची पावडर, ८० आणि २२० नंबरचे पॉलिश पेपर, नायट्राइल हातमोजे, धुळीचा चांगला मास्क. काचेची धूळ फुप्फुसात जाते आणि इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहते. हातमोज्यांचा कंटाळा करू नका.

फुटलेला, भुसभुशीत भाग निर्दयपणे कापा. कडांना चार-पाच सेंटीमीटर बाहेरपर्यंत ८० नंबरच्या पेपरनं घासा, म्हणजे नव्या कापडाला जुन्या थरावर पकड मिळेल. चकाकी पूर्ण जायला हवी. खोल खड्डा असेल तर इपॉक्सीत मायक्रोबलून मिसळून लोण्याएवढं घट्ट करून भरा. मोठी पोकळी असेल तर त्याच जातीच्या फोमचा तुकडा कापून चिकटवा. भरलेलं सुकलं की पातळी जुळवून घासा, मग कापडाचे दोन थर: पहिला लहान, दुसरा त्याहून दोन सेंटीमीटर मोठा. ब्रशनं कापड भिजवायचं आणि जुन्या बँक कार्डानं जादा रेझिन काढून टाकायचं. कापड पारदर्शक दिसायला हवं, पण रेझिनवर तरंगायला नको. वर स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद ताणून चिकटवला तर पृष्ठभाग आपोआप गुळगुळीत येतो आणि नंतरचं घासकाम निम्मं होतं.

इपॉक्सीच्या बाबतीत तीन गोष्टी लोक हटकून विसरतात. एक, मिश्रणाचं प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणेच. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवायची सवय पॉलिएस्टरवरून आलेली आहे. इपॉक्सी त्यानं कायमचं चिकट राहतं. प्रमाण वजनाचं की आकारमानाचं, तेही वाचा, दोन्ही आकडे वेगळे असतात. दोन, कपात जास्त मिश्रण करून ठेवलं तर ते स्वतःच तापतं, कधीकधी धूर येईपर्यंत. थोडं थोडं करा, पसरट भांड्यात ओता. तीन, सुकल्यावर पृष्ठभागावर मेणचट थर येऊ शकतो. घासण्याआधी तो पाण्यानं धुवा. न धुता घासलं तर तो थर आत चोळला जातो आणि पुढचा रंग सोलून निघतो.

दुसऱ्या दिवशी कडक वाटलं तरी पूर्ण ताकद यायला साधारण आठवडा लागतो.

डेक मऊ पडलाय, पण फुटलेला नाही. काय करू?

हाताच्या पंजाएवढी जागा असेल तर दोन-चार बारीक भोकं पाडून इंजेक्शनच्या सिरिंजनं पातळ इपॉक्सी आत सोडतात. एका भोकातून घालायचं, दुसऱ्यातून बाहेर येईपर्यंत. मग प्लॅस्टिक पसरून वर वाळूची पिशवी ठेवायची. आतली जागा कोरडी असेल तरच हे टिकतं. उभं राहायची सगळीच जागा मऊ असेल तर आवरण कापून, फोम दुरुस्त करून नवे थर चढवावे लागतात. पहिल्याच बोर्डावर हा उद्योग करू नका. असा बोर्ड परत द्या किंवा सुटे भाग काढून घ्या.

बांधकामात वापरतात तो फसफसून फुगणारा फोम आत मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो नको तिथे फुगतो, पाणीही धरतो.

पॉलिथिलिनच्या बोर्डाला इपॉक्सी का चिकटत नाही?

त्या प्लॅस्टिकला फारसं काहीच चिकटत नाही. त्याला वितळवून जोडावं लागतं: त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी आणि गरम हवेची किंवा तापलेल्या पात्याची वेल्डिंग. चिरेला आधी व्ही आकाराची खाच करायची, मग कांडी आणि बोर्ड दोन्ही एकाच वेळी वितळतील असं काम करायचं. आधी भंगारातल्या तुकड्यावर हात बसवा. कांडी नुसती वरून ओघळली तर जोड झाला असं वाटतं, पण नखानं उचकटतो.

रंग कोणता द्यायचा? पायांना पकड कशी आणायची?

इपॉक्सी उन्हात पिवळं पडून कमकुवत होतं, म्हणून दुरुस्तीच्या जागी रंग हवाच. दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग सगळ्यात टिकाऊ. त्याची वाफ घातक असते, मोकळ्या हवेत आणि योग्य मास्क लावूनच काम करा. अख्खा बोर्ड रंगवायची गरज नाही. पांढरा किंवा फिका रंग निवडला तर बोर्ड कमी तापतो.

पकडीची युक्ती स्वस्त आणि मस्त आहे: डेकवर रंगाचा हात देऊन तो ओला असतानाच वरून बारीक मीठ भरपूर भुरभुरवा. रंग पूर्ण सुकला की पाण्यानं धुऊन टाका. मीठ विरघळतं आणि त्याच्या जागी खरखरीत खड्डे राहतात. वाळू वापरली तर गुडघ्यांची साल निघते, आणि शिकताना गुडघे डेकवरच असतात.

तो छोटा स्क्रू कशासाठी असतो?

आतल्या हवेचा दाब बाहेरच्याशी जुळवायला. २० अंशांवर बंद केलेला बोर्ड उन्हात ६० अंशांना गेला तर आतला दाब सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो आणि आवरण सुटायला तेवढं पुरतं. किनाऱ्यावर ठेवताना, गाडीवर नेताना, घाट चढताना स्क्रू सैल. पाण्यात जाताना घट्ट, पण हातानं घट्ट, पान्यानं आवळून नव्हे. त्याखालची रबरी रिंग कडक झाली असेल तर बदला. सगळ्याच जुन्या बोर्डांना हा स्क्रू नसतो, विशेषतः पॉलिथिलिनच्या.

फिन हरवली आहे. कुठलीही बसेल का?

नाही. फिनचा खोका कोणत्या पद्धतीचा आहे ते आधी बघा. लांब, अरुंद खाच आणि त्यात मागे-पुढे सरकणारी छोटी पट्टी-स्क्रू असेल तर यूएस बॉक्स. डेकवरून आरपार एकच स्क्रू येत असेल तर पॉवर बॉक्स, दोन येत असतील तर टटल. या तिन्हींच्या फिन आजही मिळतात. काही जुन्या कंपन्यांचे स्वतःचेच प्रकार होते. तिथे खोक्याच्या आतलं माप पुठ्ठ्यावर उतरवून मोठ्या बुडाची जुनी फिन कानशीनं घासून बसवतात. किंचित सैल बसली तर बुडाला टेपचा एक वेढा द्या. लांब बोर्डाला शिकताना २५ ते ३५ सेंटीमीटरची फिन बरी. स्क्रू समुद्री वापराच्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या.

डॅगरबोर्ड अडकतो किंवा सैल पडतो.

अडकत असेल तर बहुधा वाळू. काढून धुवा, कडा हलक्या घासा, सिलिकॉनचा फवारा मारा. सैल असेल तर खाचेतली घर्षणाची रबरं किंवा नमद्याचे तुकडे झिजलेत, ते कापून नवे चिकटवता येतात. तळाकडच्या खाचेवरच्या दोन लवचिक पट्ट्या फाटल्या असतील तर पाणी वर उसळतं आणि बोर्ड मंदावतो. शिडाच्या जाड कापडाच्या पट्ट्या कापून कॉन्टॅक्ट ॲडेसिव्हनं लावल्या की काम झालं.

डॅगरबोर्डच गायब असेल तर वॉटरप्रूफ प्लायवूडचा बनवता येतो, पण मूळ आकार हाताशी हवा.

युनिव्हर्सल जॉइंट ठीक दिसतो. बदलायलाच हवा का?

वय माहीत नसेल तर हो. या एका भागाबद्दल मी तडजोड करत नाही.

१९६० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी ज्या यंत्रणेचं पेटंट घेतलं तिचं मर्म म्हणजे मास्ट आणि बोर्ड जोडणारा हा सांधा. शीड कुठल्याही बाजूला झुकू शकतं आणि सुकाणूशिवाय बोर्ड वळवता येतो, तो याच्यामुळे. तो तुटला की बोर्ड एकीकडे आणि शीड एकीकडे. वाऱ्यानं बोर्ड तुमच्या पोहण्याच्या वेगापेक्षा जोरात वाहून जातो.

सांध्याचे प्रकार तीन: मध्ये बारीक असलेलं रबर, पॉलियुरेथेनचा दांडा म्हणजे टेंडन, आणि धातू किंवा प्लॅस्टिकचा यांत्रिक सांधा. रबर किंवा टेंडन काटकोनात वाकवून उजेडात बघा. बारीक चिरा, पांढरट रेषा, चिकटपणा यांपैकी काहीही दिसलं तर तो गेला. टेंडन नियमित वापरात दरवर्षी-दोन वर्षांनी बदलायचाच भाग आहे. सांध्याला वळसा घालून सुरक्षा पट्टा किंवा जाड दोरी असायला हवी, म्हणजे टेंडन तुटला तरी दोन्ही भाग एकत्र राहतील. शिवाय खिशात ५ मिलिमीटर जाडीची दोनेक मीटर दोरी ठेवा.

नवा सांधा जुन्या ट्रॅकमध्ये बसत नाही.

आजच्या सांध्याच्या बुडाला एक स्क्रू आणि पट्टी असते, ती ट्रॅकच्या खाचेत सरकवून आवळायची. जुन्या बोर्डांत मात्र कंपनीगणिक वेगळी व्यवस्था दिसते: पायानं दाबून पुढे-मागे करायची गाडी, कुलुपासारखी खुंटी, अगदी सुरुवातीच्या बोर्डांत तर नुसता दाबून बसवलेला पाया. शक्य असेल तर जुना बुडाचा भाग ठेवून त्यावर फक्त नवा टेंडन चढवा. तेही जमत नसेल तर ट्रॅकच्या मापाचा स्टेनलेसचा ठोकळा टर्नरकडून करून घेऊन त्यात नव्या सांध्याच्या स्क्रूचा आटा पाडून घेता येतो. अख्खा ट्रॅक उखडून नवा बसवणं हे अनुभवी माणसाचं काम. तिथला प्रत्येक मिलिमीटर पाण्याला वाट देतो.

सोबत मिळालेलं जुनं शीड वापरू का?

पारदर्शक फिल्मचं असेल तर बोटांत धरून हलकेच चुरगाळा. कुरकुर आवाज येऊन पांढऱ्या रेषा उमटल्या तर ऊन लागून ते ठिसूळ झालंय. पहिल्याच पडण्यात त्यातून गुडघा आरपार जाईल. डेक्रॉनच्या म्हणजे विणलेल्या कापडाच्या शिडाचा शिवणीचा दोरा नखानं ओढून बघा. दोरा तुटला तर शिवून घेता येतं, कापडच फाटलं तर सोडा. लहान चीर दोन्ही बाजूंनी शिडाची चिकटपट्टी लावून भागते. आधी कापड गोड्या पाण्यानं धुऊन वाळवा, नाहीतर मिठावर काहीच चिकटणार नाही.

पण कापड चांगलं असलं तरी माझा सल्ला वेगळा आहे. बोर्ड जुना चालेल, शीड-मास्ट-बूम मात्र शक्य तितके अलीकडचे घ्या, वापरलेले का होईनात. जुनी शिडं जड असतात, पाण्यातून उचलताना पाठ मोडते, आणि झुळूक वाढली की त्यांचा ओढा मागे सरकून हात खेचले जातात. पाच-दहा वर्षं जुनं साधं शीड यापेक्षा कितीतरी हलकं आणि शांत वागतं. बरेच जण बोर्ड घासून-रंगवून आरशासारखा करतात आणि त्यावर कुजकं शीड लावून विंडसर्फिंग किती अवघड आहे हे सांगत फिरतात.

आकार: ६० किलोच्या माणसाला साडेचार ते पाच चौरस मीटर, ७५ किलोला पाच ते साडेपाच, त्याहून वजनदाराला सहापर्यंत. मुलांना दोन-तीन. कॅम (मास्टला टेकून शिडाला आकार देणारे तुकडे) असलेली शर्यतीची शिडं शिकताना नकोत.

मास्ट आणि शीड कसं जुळवायचं?

शिडाच्या तळाशी आकडे छापलेले असतात. समजा, लफ ४३२, बूम १८०, मास्ट ४३०. म्हणजे पुढची कड ४३२ सेंटीमीटर, बूम १८० पर्यंत लांब होणारा, आणि शिफारस ४३० च्या मास्टची. ४३० च्या मास्टला खालून २ सेंटीमीटरचं एक्सटेन्शन लागेल. ४०० चा मास्ट असेल तर ३२. पण लांबी जुळली की झालं असं नाही, कडकपणाही जुळावा लागतो. तो आयएमसीएस आकड्यानं दाखवतात: ४०० ला साधारण १९, ४३० ला २१, ४६० ला २५. फार ताठ मास्टवर शिडाचा आकार बसतच नाही.

मास्टच्या जाडीचे प्रकार दोन: जाड तो एसडीएम, बुडाशी आतला व्यास ४८ मिलिमीटर, आणि बारीक तो आरडीएम, ३२ मिलिमीटर. एक्सटेन्शन त्याच जाडीचं हवं. जुने फायबरग्लासचे अखंड मास्ट जड असतात आणि आजच्या शिडांना जुळत नाहीत. शंभर टक्के कार्बनच्या मागे लागू नका, ३०-५० टक्के कार्बनचा मास्ट धसमुसळेपणा जास्त सोसतो.

आणखी एक. नवं शीड लावल्यावर वरचा भाग मागच्या कडेला सैल, लोंबलेला दिसतो. ते तसंच असायला हवं. डाउनहॉल म्हणजे खालचा ताण भरपूर द्यायचा, तोही हातानं नाही तर कप्पीच्या मदतीनं अंग टाकून. बूमच्या टोकाचा ताण मात्र जेमतेम. जुन्या मऊ शिडांची सवय असलेले लोक नेमकं उलटं सांगतील.

जुना बूम?

मास्टला दोरीनं बांधायचा असेल तर बांधणी शिकेपर्यंत वैताग येईल. ढिला राहिला की प्रत्येक झोक्याला खाली घसरतो. चिमट्यानं आवळला जाणारा बूम घ्या. आरडीएम मास्टला बहुतेक चिमट्यांत रबरी ॲडॅप्टर लागतो. ॲल्युमिनियमच्या नळ्यांत पांढरी भुकटी दिसली तर ती गंज आहे. मागचा भाग सरकत नसेल तर गोडं पाणी ओतून, फिरवत-ठोकत काढा. पुढच्या वळणापाशी चीर असेल तर बूम भंगारात. उंची खांदा आणि हनुवटीच्या मध्ये ठेवा.

शीड उचलायची दोरी जाड आणि गाठी मारलेली हवी. बारीक नायलॉनची दोरी तळहात कापते.

पायाचे पट्टे आणि हार्नेस (बूमला अडकवायचा अंगावरचा पट्टा) लागतील का?

सध्या नाही. पट्टे काढून टाका, पाय अडकून घोटा मुरगळतो. त्यांची भोकं मात्र आखूड स्क्रू आणि थोडं सिलिकॉन लावून बंद करा.

पहिल्यांदा पाण्यात नेताना काय पाहायचं?

वारा ५ ते १० नॉट, म्हणजे ताशी ९ ते १८ किलोमीटर, आणि तो किनाऱ्याकडे किंवा तिरका किनाऱ्यालगत वाहणारा. किनाऱ्यावरून पाण्याकडे जाणारा वारा काठाशी फसवा शांत वाटतो आणि शंभर मीटरवर तुम्हाला परत येऊ देत नाही. त्या दिवशी जाऊ नका. ५० न्यूटनचं फ्लोटेशन जॅकेट, शिट्टी, आणि किनाऱ्यावर नजर ठेवणारा एक माणूस. काहीही झालं तरी बोर्ड सोडून पोहत निघायचं नाही, बोर्ड हीच तुमची होडी. शीड बोर्डाच्या मागच्या भागावर आडवं टाकून, वर पालथं झोपून हातानं वल्हवत परत येण्याचा सराव कमरेएवढ्या पाण्यात आधीच करून ठेवा.

पहिल्या तासाभरानंतर बाहेर या. बोर्ड पुसून पुन्हा काट्यावर चढवा, सांध्याचा स्क्रू आणि फिन हलवून बघा. अर्धा किलो वाढला असेल तर पुन्हा साबणाचं पाणी काढा.

आणि बोर्ड दुरुस्तीपलीकडे गेला असेल तर?

फिन, डॅगरबोर्ड, हवेचा स्क्रू, ट्रॅकची गाडी, पायाच्या पट्ट्यांचे स्क्रू काढून ठेवा. जुन्या मॉडेलचे हे भाग शोधणारे लोक नेहमीच असतात, आणि पुढच्या बोर्डाच्या वेळी त्यांत तुम्हीही असाल. पॉलिथिलिनचा फुटका बोर्ड वेल्डिंगच्या कांड्यांसाठी कापायला चांगला.